सेवा आणि उपजीविका

एखाद्या सुशिक्षित घरी लग्नाची बोलणी चालू असता मुलगा काय करतो, ह्या प्रश्नास ‘समाजकार्य करतो’ असे उत्तर मिळाले, म्हणजे विचारणारे गृहस्थ क्षणभर आदराने मान डोलावतात आणि लगेच विचारतात, ‘ते ठीक, पण पोटापाण्याचे काय?’ आमच्या मध्यमवर्गाची सेवेविषयीची सारी नीती एवढ्या संभाषणात साठविलेली आहे. सेवा वंद्य खरी. परंतु जो तिच्यावर पोट भरतो त्याच्या सेवेत काही तरी उणे आहे, असे आपण मनोमन धरून चालतो. ही समजूत न्यायाची आहे काय, ह्याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

आम्ही ज्या नंदुरबार जिल्ह्यात अध्यापन करितो, तेथे हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, शंभरांतील सुमारे ६९ माणसे आदिवासी आहेत. लोकांमध्ये काम करणारी जी माणसे ह्या भागाने पाहिली, ती सारी एकाच वाटेने आली नाहीत.

त्यांतील सर्वांत जुनी व आपल्या परिचयाची वाट व्रताची. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला, तो ह्याच कल्पनेवर. शेजारच्या दाहोद येथे १९२२ साली भिल्ल सेवा मंडळ काढणारे ठक्करबाप्पा ह्याच समाजाचे सेवक. पुण्यात स्थापत्यशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण झालेला हा इंजिनियर मुंबई नगरपालिकेची नोकरी सोडून १९१४ साली समाजात दाखल झाला, तेव्हा त्याचे वय ४४ वर्षांचे होते. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो तेव्हा आपला भर कशावर असतो? सोडलेल्या नोकरीवर! पण गोखल्यांच्या सेवकांनी घ्यावयाच्या प्रतिज्ञांत एक प्रतिज्ञा अशी होती की, समाज माझ्या व माझ्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तजवीज करील तीत मी संतोष मानीन. त्या प्रतिज्ञेत संतोषाची अपेक्षा होती, उपासाची नव्हती. कुटुंबाची चूल पेटली पाहिजे, हे त्या व्यवहारज्ञ महापुरुषाने गृहीत धरले होते. आपण मात्र व्रत तेवढे लक्षात ठेविले आणि तजवीज विसरलो.

दुसरी वाट सुशिक्षित तरुणांची. १९७२ साली शहादे येथे श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा शहरांतील काही तरुण येथे येऊन राहिले. मुंबईच्या आय. आय. टी.त शिकलेले कुमार शिराळकर हे त्यांपैकी एक. २०२२ साली निवर्तेपर्यंत त्यांचे आयुष्य श्रमिकांच्या कामातच गेले. पुढे १९८५ च्या सुमारास मेधा पाटकर नर्मदेच्या खोऱ्यात आल्या. १९३६ साली मुंबईत स्थापन झालेल्या टाटा संस्थेत त्यांनी समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेतले होते, पीएच. डी.चा अभ्यास मात्र ह्या कामापायी मागे पडला.

तिसरी वाट घरातूनच निघते. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती बाहेरून आलेले नव्हते. स्वतः भिल्ल असलेला हा भजनी मनुष्य, गेलेल्या जमिनी आणि सालदारांची स्थिती ह्यांविषयी आपल्याच माणसांशी बोलू लागला, म्हणून शहाद्याच्या चळवळीस पाया मिळाला. त्याच चळवळीतील कवी वाहरू सोनवणे ह्यांनी पुढे एका कवितेत दाखवून दिले की, आमचे दुःख आम्हांसच समजावून सांगणारे व्यासपीठावर बसले आणि आम्ही खालीच राहिलो.

ह्या तिसऱ्या वाटेचा खरा अर्थ आमच्या ध्यानी उशिरा आला. आमचा एक माजी विद्यार्थी, धडगावकडचा पावरा तरुण, समाजकार्याची पदवी घेऊन एका संस्थेत कामास लागणार होता. शिफारसपत्र मागावयास तो आला तेव्हा आम्ही त्यास सहज उपदेश केला की, अशा कामात वेतनाची घासाघीस शोभत नाही. तो नम्रपणे म्हणाला, “सर, बाहेरून येणाऱ्यापाशी सोडण्यासारखे काही असते, म्हणून त्याला त्याग करता येतो. मी काय सोडू? वडील अजून ऊसतोडीला जातात.”

आम्ही निरुत्तर झालो. सेवेची किंमत आपण सेवकाने काय सोडले ह्यावरून ठरवितो. मग ज्यापाशी सोडण्यासारखे काहीच नाही, त्यास आपल्या हिशेबी सेवक होताच येत नाही. ज्यांच्यासाठी सेवा करावयाची, नेमके तेच सेवकांच्या पंक्तीतून उठविले जातात. त्याग हा अशा रीतीने खात्यापित्या घरच्यांचा मिरासी हक्क होऊन बसतो.

कोणी म्हणेल की, वेतन आले की सेवा जाते आणि नोकरी उरते. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे नव्हे. अहवाल लिहिण्यात गढलेले आणि अनुदान संपताच गाव सोडणारे कार्यकर्ते आम्हीही पाहिले आहेत. परंतु वैद्य फी घेतो, प्राध्यापक पगार घेतो, म्हणून त्यांच्या हातून निष्ठेचे काम होत नाही, असे आपण म्हणतो काय? आम्ही स्वतः महिन्याच्या महिन्यास पगार उचलतो आणि वर्गात निष्काम कर्मावर व्याख्यान देतो. जी कसोटी आम्ही स्वतःस लावीत नाही, ती त्या तरुणास लावण्याचा आम्हांस अधिकार नाही.

ह्या उदात्त कल्पनेचा दुरुपयोगही होतो. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेतील अंगणवाडी सेविका पाहा. नाव ‘सेविका’, आणि मिळते ते ‘मानधन’! शब्द मोठे गौरवाचे. पण त्या गौरवाआड वेतन, निवृत्ती, उपदान हे सारे हक्क झाकले गेले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की, ह्या स्त्रियांस कायद्याप्रमाणे उपदान मिळालेच पाहिजे. तो खटला ठक्करबाप्पांच्या त्याच दाहोद जिल्ह्यातून वर गेला होता. मान देऊन धन राखून ठेवावयाचे, ही युक्ती सरकारने आपल्यापासूनच उचलली असावी.

तेव्हा वेतन घेतले की नाही, ही सेवेची कसोटी नव्हे. ज्यांच्यामध्ये सेवक राहिला, ते त्याच्यावाचून आपले कागद वाचू लागले काय, कचेरीत आपले गाऱ्हाणे स्वतः मांडू लागले काय, त्यांच्यातून पुढचा कार्यकर्ता निघाला काय, हे विचारावे. जो सेवक आपली गरज उरू देत नाही, त्याने पगार घेतला तरी तो सेवक. आणि जो फुकट राबून लोकांस कायमचे आपले आश्रित करितो, त्याचा त्याग कितीही मोठा असो, तो त्यांचा धनीच होय.

आम्ही त्या विद्यार्थ्याचे शिफारसपत्र नव्याने लिहिले. त्यातील ‘त्यागी वृत्तीचा’ हे शब्द खोडले आणि ‘आपल्या कामात निपुण; योग्य वेतनास पात्र’ असे घातले. लग्नाच्या बोलण्यांतील तो प्रश्नही आता आम्हांस पूर्वीइतका क्षुद्र वाटत नाही. ‘पोटापाण्याचे काय?’ हे विचारलेच पाहिजे. मात्र ते त्या तरुणास विचारण्याआधी आपण आपणांस विचारावे.