हुकूम आणि सबुरी

हुकूम पाळला गेला नाही, म्हणजे तो मुद्दाम मोडला, असे आपण धरून चालतो. घरात आईबाप तसे धरतात, वर्गात आम्ही मास्तर मंडळी धरतो आणि रस्त्यावर पोलीस. पण हुकूम मोडायलासुद्धा आधी तो मनापर्यंत पोहोचावा लागतो. ज्याच्या कानांत भलतेच आवाज घुमत आहेत, समोरचा गणवेश ज्याला वैऱ्याचा वाटतो आहे, तो ‘थांब’ म्हटल्यावर थांबला नाही, तर त्याला उद्दाम म्हणायचे काय?

अमेरिकेतील मेम्फिस शहराला १९८७ साली हा प्रश्न फार महाग पडला. सुरीने स्वतःलाच इजा करून घेणाऱ्या एका मनोरुग्ण तरुणासाठी पोलिसांना बोलावण्यात आले. सुरी टाकण्याचा हुकूम झाला; तो पाळला गेला नाही; गोळ्या सुटल्या आणि तरुण प्राणास मुकला. लोक हळहळले, संतापलेही. मग १९८८ साली पोलीस, मनोविकारांचे जाणकार आणि रुग्णांचे नातलग एकत्र बसले. आपखुशीने पुढे येणाऱ्या पोलिसांसाठी ४० तासांचे शिक्षण ठरले. त्यात शिकायचे ते एवढेच: अंतर राखावे, आवाज खाली आणावा, घाई करू नये, समोरच्याचे ऐकून घ्यावे आणि शक्य तिथे त्याला तुरुंगाऐवजी उपचारांकडे न्यावे.

कोणी म्हणेल, सुरी समोर असताना सबुरी कसली? शिपायालाही बायकामुले आहेत. खरे आहे, कधी बळ वापरावेही लागेल. पण भ्यालेल्याचा हात आपोआप उगारला जातो. भीती वाटत असताना तो आवरणे शिकावे लागते.

आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांना या विषयाची जाणीव करून देणाऱ्या शिक्षणाची तरतूद केली आहे. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळला, तर त्याला संरक्षणात घ्यावे, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे, कोठडीत मात्र कधीही ठेवू नये, असे तो सांगतो. अटक करतानाही दंड धरावा लागतो आणि संरक्षण देतानाही. फरक असतो तो कोणाच्या भल्यासाठी धरला यात.

आणि हे एकट्या शिपायाने शिकून भागेल काय? दार लावून घेऊन ‘याला एकदा घेऊन जा’ असा निरोप चौकीवर धाडणारे आपणच असतो. त्याच्यासाठी घेऊन जा, की आपल्यासाठी? शिपाई दारात येण्यापूर्वी हे आपल्या मनाशी ठरलेले बरे.