झाकलेला दोष आणि विकलेले मौन

एखाद्याचा जुना दोष तिसऱ्याला कळला आणि त्याने गप्प बसण्यासाठी पैसे मागितले, तर त्यात नेमके पाप कोणते? दोष खरा असतो, खरे सांगायला सहसा बंदी नसते आणि पैसे मागणे हाही एरवी गुन्हा नाही. रहस्यकादंबरी ब्लॅकमेलरचा मुडदा पाडून या पेचातून सुटते. धर्मविचाराला तशी सुटका नाही. ठाणे-कल्याण परिसरात नांदलेल्या परंपरांनी मात्र उत्तराची साधने पुरवली आहेत.

ठाणे ऊर्फ श्रीस्थानक ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. या घराण्यातील अपरादित्य राजाने १२व्या शतकात याज्ञवल्क्य स्मृतीवर लिहिलेली टीका ‘अपरार्क’ नावाने प्रसिद्ध आहे. या स्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात दोषांचे दोन वर्ग केले आहेत. ज्याचा दोष लोकांना ठाऊक झाला, त्याने विद्वानांच्या परिषदेने सांगितलेले व्रत उघडपणे करावे. ज्याचा दोष कोणालाच ठाऊक नाही, त्याने गुप्त व्रत आचरावे. याला रहस्यप्रायश्चित्त म्हणतात. जप आणि प्राणायाम ही त्याची मुख्य साधने. शास्त्र न जाणणाऱ्याने स्वतःचे नाव न घेता, कोणाकडून असे घडले तर काय करावे, अशा मिषाने विद्वानांना विचारावे, अशीही सोय टीकाकारांनी ठेवली. म्हणजे शुद्धीसाठी बोभाटा आवश्यक मानलेला नाही.

ही विभागणी ब्लॅकमेलला लावली की त्याचे स्वरूप स्पष्ट होते. धमकावणाऱ्याला दोष कळला असल्याने तो पूर्णपणे गुप्त राहत नाही. त्याने तो दाबून ठेवल्याने उघडही होत नाही. दोषी माणूस दोन्ही वाटांच्या मध्ये अडकतो. खंडणी भरत राहिल्याने दंड सोसल्याचा भास होतो, पण तिने शुद्धी होत नाही, कारण ती घेणाऱ्याला दोष कायम जिवंत ठेवण्यातच लाभ असतो.

कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. लेण्यांतील बौद्ध भिक्षुसंघ ज्या विनय-परंपरेतला, तिने लपवणे आणि फोडणे या दोन्हींना मर्यादा घातली. पाली विनयानुसार संघादिसेस या गंभीर प्रकारचा अपराध भिक्षूने जितके दिवस लपवला, तितके दिवस त्याला परिवास हा शिक्षेचा काळ भोगावा लागतो आणि पुढे सहा रात्रींचे मानत्त हे प्रायश्चित्त पाळावे लागते. दुसरीकडे, संघाच्या संमतीवाचून एखाद्या भिक्षूचा गंभीर अपराध संघाबाहेरच्या माणसाला सांगणे हाही दोषच ठरतो. अपराध योग्य जागी बोलला पाहिजे, हा या दोन्ही नियमांचा गाभा.

ठाण्यातील बेने इस्रायल समाजाचे ‘शार हाशामायीम’ सिनेगॉग १८७९ सालचे आहे. यहुदी धर्मग्रंथ मिश्ना पश्चात्ताप झालेल्या माणसाला त्याच्या पूर्वीच्या कृत्यांची आठवण करून देण्यास मनाई करतो. हा नियम फसवणुकीच्या नियमांना जोडून आला आहे. शब्दांनी दुखावणे हीही एक प्रकारची लुबाडणूकच, असा त्याचा अर्थ. ब्लॅकमेलर तर त्या आठवणीवरच चरितार्थ चालवतो.

सध्याचा कायदाही याच दिशेचा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ खंडणीसंबंधी असून ते १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हानीची भीती घालून पैसे उकळणे हा गुन्हा आहे आणि त्यात लौकिकाच्या हानीचाही समावेश होतो. बदनामीकारक मजकूर छापण्याची धमकी हे कायद्याने दिलेले उदाहरण. आरोप खरा की खोटा, याची अट व्याख्येत नाही.

मात्र दोष गुप्त ठेवण्याची ही मुभा अमर्याद नाही. मनुस्मृती चोरीच्या प्रायश्चित्तासोबत चोरलेली वस्तू परत करायला सांगते. केवळ जपाने दुसऱ्याचे देणे फिटत नाही. दोषामुळे ज्याचे नुकसान झाले, त्याला सत्य जाणण्याचा हक्क असतो, आणि धोका अजून टळलेला नसेल तर समाजालाही. हानी टाळण्यासाठी सत्य सांगणारा आणि करुणेने गप्प राहणारा, दोघेही समर्थनीय ठरू शकतात. ब्लॅकमेलर यांपैकी कोणीच नाही. सत्य जाहीर करण्याचे कारण असेल, तर पैसे घेऊन ते दाबणे हा पीडितावर अन्याय. कारण नसेल, तर जाहीर करण्याची धमकी हा दोषी माणसावर अन्याय. कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्याचे मौन विकाऊ असल्यामुळेच ते पाप ठरते.