विसावं वचन तेवढं पाठ!



आजचा शास्त्रभाग: कलस्सैकरांस पत्र ३:१९-२१

परवा ऑफिसचा कॉल लांबला, डोकं तापलेलं होतं. जेवताना मी लेकीसमोरच बायकोवर ओरडलो. रात्री लेक झोपल्यावर बायकोची क्षमा मागितली. वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी कौटुंबिक प्रार्थनेला लेक माझ्याजवळ बसेना. तेव्हा कळलं, ओरडणं तिनं ऐकलं होतं, क्षमा मागणं नाही. तिच्यासाठी ते भांडण अजून चालूच होतं.

एकोणिसाव्या वचनात पौल पतींना सांगतो की पत्नीशी कठोरपणे वागू नका. एकविसाव्यात बापांना बजावतो की मुलांना चिडवू नका, ती खचतील. मधलं विसावं मुलांसाठी, आईबापांचं ऐका म्हणून. मला घरात तेवढंच पाठ! पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही वचनं माझ्यासाठीच आहेत.

मी प्रार्थना थांबवली. लेकीसमोर आधी तिच्या आईची, मग तिची क्षमा मागितली. लाज वाटली खरी. पण ती हळूच सरकून जवळ आली.

ज्यांच्यासमोर आवाज चढवला, क्षमाही त्यांच्यासमोरच मागू या.

प्रार्थना: हे प्रभू, माझ्या घरात आधी मला नम्र कर. येशूच्या नावात, आमेन.