खरी संपत्ती कुठली?



आजचं चिंतन गीतेच्या १६ व्या अध्यायातल्या पहिल्या तीन श्लोकांवर.

या अध्यायाचं नाव 'दैवासुरसंपद्विभागयोग'. नावातच 'संपद्' आहे, म्हणजे संपत्ती. पण भगवंत मोजायला बसतात तेव्हा यादीत काय येतं? अभय, सत्य, अक्रोध, त्याग, दया, क्षमा, मृदुपणा, कुणाची चहाडी न करणं, स्वतःला फार मोठं न समजणं... असे एकूण २६ गुण. घर, जमीन, पगार, पद यातलं एकही नाही. आणि पुढे १३ व्या श्लोकापासून 'आज एवढं मिळवलं, उद्या तेवढं मिळवीन, माझ्यासारखा दुसरा कोण?' असा हिशेब करणारा माणूस येतो, तो आसुरी वृत्तीचा म्हणून.

हे तीन श्लोक मला पाठ होते. तरीही गेल्या गणपतीत मी चुकलो.

आमचं घर मिरजोळ्याला. एमआयडीसी आणि विमानतळ जवळ, त्यामुळे हल्ली गप्पा बहुतेक जागेच्या भावाच्याच. आरतीच्या वेळी दोघं एकदमच अंगणात आले. एक मुंबईचे नातेवाईक, नव्या गाडीतून. दुसरे आमच्या माडांचे नारळ काढणारे पाडेली काका, हातात दूर्वांची जुडी आणि जास्वंदीची फुलं. मी धावत जाऊन पाहुण्यांना खुर्ची दिली. काकांना म्हटलं, "जरा थांबा हं, ओटीवर बसा."

आजीने बघितलं. काही बोलली नाही. आरतीचं ताट मात्र तिने आधी काकांच्या हातात दिलं. मुंबईचे पाहुणेही खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी टाळ घेऊन उभे राहिले.

रात्री आजी म्हणाली, "तुझे आजोबा गेले ती रात्र पावसाची होती, लाईट गेलेली. सगळे येईपर्यंत हा माणूस माझ्याजवळ बसून होता. तू लहान होतास, तुला काय ठाऊक."

खरंच ठाऊक नव्हतं. त्या गाडीचं मॉडेल, किंमत, सगळं मला माहीत होतं. काकांचं पूर्ण नाव मात्र आजीला विचारावं लागलं.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊया. गरीब तो चांगला आणि श्रीमंत तो वाईट, असं शास्त्र म्हणत नाही. महाभारतातलं उद्योगपर्व आठवा. श्रीकृष्ण शिष्टाईला हस्तिनापुरात गेले, तेव्हा दुर्योधनाने जेवणाचं आमंत्रण दिलं. भगवंतांनी ते नाकारलं. दुसऱ्याकडे जेवायचं ते प्रेम असेल तर, नाहीतर अडचण असेल तर. इथे दोन्ही नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं आणि ते विदुराघरी जेवले. विदुर काही भिकारी नव्हता, राजाचा मंत्री होता. भगवंतांनी त्याची श्रीमंती बघितली नाही, गरिबीही नाही. बघितला तो त्याचा धर्म आणि जिव्हाळा.

आपल्या रत्नागिरीतलंच उदाहरण घ्या. भागोजीशेठ कीर गरिबीतून वर आले, मुंबईत मोठे कंत्राटदार झाले. जातीवरून देवळाची दारं बंद होण्याचा तो काळ. त्यांनी स्वतःचा पैसा घालून पतितपावन मंदिर उभं केलं. १९३१ साली ते सगळ्या हिंदूंसाठी खुलं झालं, जात न विचारता. पैसेवाले तेव्हाही पुष्कळ असतील. भागोजीशेठांचं नाव राहिलं, कारण त्यांनी पैशाने दार उघडलं. पैसा हातात असतो. तो कुठे जातो, यावरून माणूस कळतो.

मंडळी, आपण शहरात राहतो. समोरच्याचा फोन, कंपनी, सोसायटी बघून आपला आवाजसुद्धा बदलतो. वॉचमनशी एक, साहेबांशी दुसरा. हे आपल्या लक्षातही येत नाही, आणि अडचण तिथेच आहे.

आजचा अभ्यास छोटासा: ज्याचं काम आपल्याला रोज लागतं पण ज्याचं नाव माहीत नाही, अशा एका माणसाला आज नाव विचारा. उद्या त्याच नावाने, आदराने हाक मारा.

मी या गणपतीत काकांसाठी खुर्ची आधीच मांडून ठेवणार आहे. ते बहुतेक बसणार नाहीत, चटईवरच बसतील. मग मीही तिथेच बसेन.

राम कृष्ण हरी.