यादीतील रकाना



बालाघाट जिल्ह्यातील आमच्या लहानशा मंडळीने काही वर्षांपूर्वी गरजू कुटुंबांना दरमहा तांदूळ व डाळ देण्याचे ठरविले. त्यांत एचआयव्हीबाधित घरेही होती. हिशेब चोख राहावा म्हणून आम्ही यादी केली, नावापुढे आजार लिहिला आणि उपासनेनंतर ती मोठ्याने वाचून पिशव्या वाटल्या. एक विधवा भगिनी त्या दिवशी पिशवी घेऊन गेली, ती पुन्हा मंदिरात आली नाही.

तेव्हापासून आम्हांस एक प्रश्न छळतो. साहाय्य घेणाऱ्याने आपले गुपित देऊन त्याची किंमत चुकवावी काय?

कोणी म्हणतील, दानार्पणाचा पैसा प्रभूचा आहे, त्याचा जाब द्यावाच लागतो. हे खरे आहे. परंतु खजिनदाराला तांदळाचा हिशेब हवा, रोगाचा नव्हे. घरात अन्न नाही, एवढे दोन विश्वासू वडिलांनी पाहिले म्हणजे पुरे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला २०१७ चा कायदाही सांगतो की, कोणासही आपली एचआयव्हीची स्थिती उघड करण्यास भाग पाडू नये. या बाबतीत मंडळीने कायद्याच्याही मागे राहावे, हे शोभते काय?

दुसरा मोह म्हणजे, ‘हे कशाने झाले?’ असे विचारण्याचा. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्यांनीही दोष कोणाचा असे विचारले. प्रभूने तो प्रश्न बाजूस सारून त्या मनुष्यास दृष्टी दिली. १८७४ साली वेलस्ली बेली यांनी कुष्ठरोग्यांसाठी मिशन सुरू केले, तेव्हा त्या रोगास पापाचे फळ म्हणणारे पुष्कळ होते. आज तसे म्हणावयास आपण लाजतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा धडा मुलांपुढे अवश्य ठेवावा.

२००४ पासून सरकारी केंद्रांतून औषध मोफत मिळू लागले. ते नियमित घेतले तर विषाणू इतका दबून राहतो की जोडीदारासही लागण होत नाही. परंतु केंद्रापर्यंतचे भाडे, बुडालेली मजुरी व पोटाची भाकर मोफत मिळत नाही. तेथे मंडळीचा हात पोहोचावा.

आता आमच्या यादीत आजाराचा रकाना नाही, आणि पिशव्या घरोघरी जातात. त्या भगिनीकडे मात्र आम्हांस अजून जावयाचे आहे. क्षमा मागावयास जाताना हातात पिशवी नसावी, एवढे आता कळले आहे.