पेटीतले चार हजार

आईचे वर्षश्राद्ध झाल्यावर, २०१७ च्या श्रावणात, आम्ही तिची पत्र्याची पेटी उघडली. जुन्या लुगड्याच्या घडीत पाचशेच्या आठ नोटा निघाल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्या चलनातून गेल्या होत्या, आणि बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरला संपली होती. आई त्याआधीच, आषाढात गेलेली. नोटा अगदी कोऱ्या होत्या. पण त्यांवर वाण्याने पावशेर साखरही दिली नसती.

मग त्यांतला पैसा गेला कुठे? चोरीला गेला नाही, जळाला नाही. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचे वचन छापलेले असते. एक रुपयाच्या नोटेवर तेवढेही नसते. तिच्यावर अर्थसचिवांची नुसती सही. तरी ती चालते, कारण समोरचा ती घेतो, आणि पुढचाही घेईल अशी त्याला खात्री असते. पैशाची किंमत या विश्वासात आहे. तो उठला की कागद उरतो. नुसत्या नोटा दुप्पट छापल्या आणि गहू तेवढाच राहिला, तर गहू महागेल. पोळी एकही वाढणार नाही.

आता माझी चूक सांगतो. २०१५ च्या हिवाळ्यात गावी धाकट्या भावाची विहिरीवरची मोटर जळाली. आई म्हणाली, "अरे, त्याला चार पैसे दे. गहू उभा आहे." मी म्हणालो, "आई, असलेलं तेवढंच आहे. त्याला दिलं की माझ्यातलं गेलं." ती काही बोलली नाही. भावाचा अर्धा गहू वाळला. त्यानंतर मी तिला हातखर्चाला देत होतो, त्यातून ती नोटा बाजूला ठेवत गेली. कोणासाठी, हे पेटी उघडल्यावर कळले.

श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याची कथा आपण सारे वाचतो. भिक्षा मिळाली नाही की गरीब ब्राह्मण अंगणातल्या वेलाच्या शेंगांवर घर चालवी. श्रीगुरूंनी भिक्षा घेतली आणि जाताना तो वेलच उपटला. बाईने आकांत केला. पुढे तिथे खणताना द्रव्याचा कुंभ निघाला. ही कथा मी कृपेची म्हणून वाचत आलो, आणि ती आहेच. पण त्या वर्षीच्या सप्ताहात मला तिच्यात स्वतःचा हिशेब दिसला. 'आहे ते एवढंच' असे त्या माउलीला दारिद्र्यामुळे वाटले. मला तर पोटभर असून वाटत होते.

काही गोष्टी मोजक्याच असतात, हे खरे. जमीन वाढत नाही. वाटणीत एकाचा बांध सरकला की दुसऱ्याचा आखडतो. पण त्याच जमिनीत पाणी, बी आणि राबणारे हात गेले तर काल नव्हते ते धान्य उभे राहते. ते कोणाच्या कणगीतून काढलेले नसते. ते चार हजार वेळेवर मोटरीला लागते, तर त्यांचा गहू झाला असता. माझ्या नकाराने ते पेटीत राहिले आणि कागद झाले. मी माझे काही वाचवले नाही. जे निर्माण होणार होते तेवढे बुडवले.

गावी जाऊन भावाच्या हातात तेवढी रक्कम ठेवली. तो म्हणाला, "दादा, मोटर तर केव्हाच भरून घेतली, कर्ज काढून." मला मान वर करवेना. त्याने पैसे मात्र घेतले, आणि त्या वर्षीच्या बियाण्याला लावले.

आईची एक नोट मी पोथीच्या फडक्यात ठेवली आहे. पारायणाला बसताना ती दिसते. यंदाच्या जयंतीच्या महाप्रसादाला भावाने एक पोते गहू पाठवला आहे.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥