भोक सरळ जावं म्हणून

अधारताल, जबलपूर

चि. बाळ यास,


तुझं पत्र पोचलं. घरच्या लेथवर १५० मिलिमीटर लांबीच्या एम.एस.च्या स्पिंडलमध्ये तेलासाठी ६ मिलिमीटरचं आरपार भोक पाडायचं म्हणतोस. म्हणजे व्यासाच्या पंचवीसपट खोली! इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत तयार होणाऱ्या १५५ मिलिमीटरच्या ‘धनुष’ तोफेची नळी व्यासाच्या ४५ पट लांब असते, त्यावरून तुझ्या कामाचा अंदाज घे. बंदुकीच्या नळीसाठी वापरतात त्या गनड्रिलच्या पोटातून दाबानं तेल जातं आणि तेच कीस बाहेर ढकलतं. तुझ्याकडे तो दाब नाही, म्हणून कीस काढण्याचं काम तुझ्या हाताचं.

आधी फेसिंग कर. मधे बारीकसा उंचवटाही राहता कामा नये, नाहीतर ड्रिल पहिल्याच क्षणी बाजूला सरकेल. टेलस्टॉक लेथच्या स्पिंडलच्या रेषेत आहे ना, ते डायल लावून पाहा. मग सेंटर ड्रिल, त्यानंतर आखूड ड्रिलनं वीसेक मिलिमीटर. लांब ड्रिल त्या तयार भोकातच घालायचं; मोकळ्या तोंडावर टेकवलंस तर ते लवणारच. भोक सरळ जाणार की तिरकं, हे या पहिल्या वीस मिलिमीटरमध्येच ठरतं.

ड्रिलला धार नीट आहे का, हे कीस सांगतो. दोन्ही खाचांतून सारख्या गुंडाळ्या आल्या पाहिजेत. एकाच खाचेतून येत असतील तर एकच ओठ कापतोय. तिथेच थांबून पुन्हा धार लाव. एम.एस.ला एरवी १३०० आरपीएम चालले असते, इथे ८०० च्या आसपास ठेव.

सुरुवातीला पंधरा-वीस मिलिमीटर आत जाऊन ड्रिल पूर्ण बाहेर काढ. खोली वाढेल तसा टप्पा कमी करत ये, शेवटी पाच-सहा मिलिमीटरवर. लहान लेथच्या टेलस्टॉकचं चाक दर वेळी फिरवत बसू नकोस. जॉब फिरता ठेवून क्लँप ढिला कर आणि अख्खा टेलस्टॉकच मागे ओढ. खाचांतला कीस ब्रशनं झाड, कटिंग ऑइल लाव, मग हळू आत ने. आत सुटलेला कीस तळाशी पडलेला असतो. धक्क्यानं गेलास तर ड्रिल त्यातच अडकून मोडेल, आणि मोडकं ड्रिल एवढ्या खोलीतून निघत नाही.

आणखी एक पाहून घे. ६ मिलिमीटरच्या साध्या ड्रिलची खाच जेमतेम ५७ मिलिमीटर असते. ती पूर्ण आत बुडाली की किसाला वाटच उरत नाही. खाच भोकापेक्षा लांब असलेलंच ड्रिल आण. दोन्ही बाजूंनी पाडून मधे गाठण्याचा विचार तू लिहिला आहेस. तेलाच्या वाटेला ते चालेल, मधे थोडी पायरी राहिली तरी तेल जाईल. पण पुढे त्यात पिन बसवायची असेल तर एकाच बाजूनं जा आणि शेवटी डी-बिट फिरव.

कीस हातानं ओढायचा नाही आणि हातमोजे घालून लेथजवळ जायचं नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. हे मी मामा म्हणून हक्कानं सांगतो.

ताईला नमस्कार सांग. पहिला जॉब झाला की दोन्ही तोंडांचे फोटो पाठव. मागच्या तोंडाला भोक किती सरकलं ते मोजून लिही.

तुझा,
मामा